मगरीसाठी गाऱ्हाणं

"बोल की रे मह्या. देव काय तुज्या घरी चहाला यायचा नाय, काय ते हितंच सांग," रामा गुरव माझ्या कानाशी खेकसला.

मी खेमदेवासमोर नारळ धरून उभा होतो आणि पाठीमागे अख्खं खारशेत उभं होतं. दसऱ्याचा दुसरा दिवस. आमच्याकडे मगर सफारीचा हंगाम याच दिवशी सुरू व्हायचा. आधी देवाला गाऱ्हाणं, मग होड्या पाण्यात. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. माझ्या बाबांनी, धाकू डोर्लेकरांनी, तीस वर्षं तो चालवला. बाबांनी देवासमोर आवाज लावला की खाडीपलीकडच्या गावातली कुत्री भुंकायची थांबतात, असं लोक सांगायचे. मला ते काही खरं वाटत नाही, पण तसं मी कधी कोणाला बोललो नाही.

त्या वर्षी शिमग्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले आणि वाचा पार बसली. फार रागावले तर तोंडातून एक "ब्बा" निघायचा, एरवी तोही नाही. मग मान माझ्यावर आला. माझं वय एकोणतीस. चारचौघांत मोठ्याने बोललो असेन तर "लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा" एवढंच. बाबा मंडपातल्या खांबाला टेकून बसले होते आणि माझ्याकडे बघत होते.

"बा देवा खेमेश्वरा म्हाराजा," मी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"आज तुजी रयत तुज्या पायाशी गोळा झाली हाय म्हाराजा. तुज्या खाडीत मगरी हायत, पण गेल्या साली त्यांनी तोंड लपवलं म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

हे खरंच होतं. आमच्या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या मगरी आहेत. पूर्वी त्यांचा उपयोग एकच, पोरांना पाण्यापासून लांब ठेवायचा. मग पुण्या-मुंबईची माणसं मगर बघायला तिकीट काढतात हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि आम्ही सहा होड्या रंगवून, पाळी लावून, सफारी सुरू केली. पण मागच्या हंगामात मगरी रुसल्या. पाहुणे तास-तास खाडीत फिरायचे आणि बगळे बघून परत जायचे. बगळे त्यांच्याकडेही असतात.

"तर या साली," मला आता जोर चढला होता, "जो कोण पावणा लांबून, खर्च करून, पोरंबाळं घेऊन येल, त्यानं आमच्या जेटीवर पाऊल टाकल्याबरोबर त्याला मगरीचं दर्शन घडू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यांत मोठा होता. देवळाची घंटासुद्धा जरा घुमल्यासारखी वाटली.

बाहेर आल्यावर अर्जुनदादानं पाठीवर थाप मारली. अर्जुनदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. सहांतली एक होडी त्याची, एक आमची. त्याचा आवाज भरदार, शब्द स्वच्छ. बाबांनंतर मान वयानं मोठ्या माणसाकडे जायला हवा होता असं त्याला वाटायचं. बोलला कधी नाही, पण त्याच्या तोंडाकडे बघून कोणालाही कळलं असतं.

"बरं घातलंस," तो म्हणाला. "वायच आखूड झालं."

दहाव्या दिवशी मगर आली.

जेटीला लागून चिखलाचा उतार आहे, जेमतेम वीस हातांवर. त्यावर सकाळी सकाळी एक मगर पसरली होती. नऊ फूट तरी असेल. तोंड वासून, डोळे मिटून, अंगावर ऊन घेत. गावात एकच गलका झाला. मला लोकांनी घरातून उचलून आणलं. रामा गुरवाने माझ्या कपाळाला अंगारा लावला. "धाकूचा पोरगा शोभलास रे बाबा," तो म्हणाला. बाबा जेटीच्या टोकाला त्यांच्या नेहमीच्या दगडावर बसले होते. पहाटे उठून तिथे जाऊन बसायची त्यांची जुनी सवय, आजारपणातही सुटली नव्हती. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मला रडू आलं. लोकांसमोर आलं, पण आलं.

मगर दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्याही.

पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यात लोकांच्या लक्षात आलं, की पाहुणे गाडीतून उतरतात, जेटीवर येतात, पाऊल टाकल्याबरोबर त्यांना मगर दिसते, ते फोटो काढतात आणि गाडीत बसून निघून जातात. होडीत कोणी बसत नाही. कशाला बसतील? मी पुण्याच्या एका बाईंना म्हटलं, "मॅडम, आतमध्ये अजून मगरी आहेत." त्या म्हणाल्या, "एक बघितली की झालं हो. सगळ्या सारख्याच असतात."

सहा होड्या जेटीला बांधलेल्या आणि बाजूला मगर झोपलेली. आता बोला. वनखात्याचा गार्ड येऊन 'मगरीपासून सावध राहा' अशी पाटी लावून गेला. तेव्हापासून लोक पाटीजवळ उभे राहून फोटो काढायला लागले.

धंदा एकाच माणसाचा चालला. माझ्या बायकोचा. वैजूची टपरी जेटीच्या तोंडाशी. वडापाव, चहा आणि दुपारी तळलेल्या मासळीचं ताट. मगर बघून भूक लागते की काय कोण जाणे, पण लोक तुटून पडायचे. वैजूने त्याच महिन्यात दुसरी शेगडी घेतली, आणि ती घेतल्याचं गावाने नीट बघून ठेवलं.

शेवटी देवळात बैठक बसली.

"यात देवाची काय चूक?" अर्जुनदादा म्हणाला. "देवानं मागितलं तसं दिलं. मागणाऱ्याला मागता आलं नाय."

"पाऊल टाकल्याबरोबर कशाला म्हणालास रे?" रामा गुरवाने मला विचारलं. अंगारा लावणारा हाच तो माणूस. "होडीत बसल्यावर म्हणायचं. खाडीत आत गेल्यावर म्हणायचं. देवाला सगळं फोडून सांगावं लागतं."

"बोलण्याच्या भरात निघून गेलं," मी म्हटलं.

"भरात का मुद्दाम?" मागून कोणीतरी बोललं. "टपरी कोणाची हाय जेटीवर?"

मी उठलो, पण उठून काय करायचं ते ठरलं नव्हतं म्हणून परत बसलो.

बराच काथ्याकूट झाल्यावर असं ठरलं. येत्या सोमवारी अर्जुनदादा उलट गाऱ्हाणं घालणार: मगर जेटी सोडून खाडीत परत जाऊ दे. पुढच्या सोमवारच्या दिवेलागणीपर्यंत मगर गेली, तर गाऱ्हाण्याचा मान कायमचा अर्जुनदादाच्या घरात. नाही गेली, तर मान माझ्याकडेच, आणि कोणी परत तोंड उघडायचं नाही. रामा गुरवाने देवाला फुलाच्या पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पाकळी पडली. देवाचीही हरकत नव्हती. बाबांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. त्याचा अर्थ कोणाला लागला नाही आणि कोणी विचारलाही नाही.

घरी आल्यावर वैजू म्हणाली, "गेला तर जाऊंदे मान. त्यानं काय पोट भरतं?"

"तुला नाय कळायचं," मी म्हटलं. हे मी तिला महिन्यातून एकदा तरी म्हणतो. पण त्या दिवशी खरोखरच तिला कळलं नसतं. मला मान मिरवायचा नव्हता. बाबांचा आवाज गेला होता. तो आवाज ज्या जागी उभा राहून निघायचा, ती चार हात जागा तरी आमच्या घरात राहावी, एवढंच मला हवं होतं. ती गेली असती तर बाबांचं म्हणून गावात काय उरणार होतं? एक दगड, त्यावर बसायला.

सोमवारी अर्जुनदादाने गाऱ्हाणं घातलं. चांगलं घातलं, खोटं कशाला बोलू. जेटीचं नाव घेतलं, उताराचं घेतलं, मगरीची लांबीसुद्धा सांगितली, म्हणजे देवाने भलतीच उचलायला नको.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तांबडं फुटायला मी जेटीवर गेलो, मगर गेली की काय ते बघायला.

बाबा दगडावर नव्हते. खाली पायऱ्यांवर होते. बाजूला पांढरी बादली. मागे जेटीचा कठडा रंगवला तेव्हा रंगाच्या रिकाम्या बादल्या घरोघर वाटल्या होत्या, त्यातलीच. वैजू तिच्यात मासळीची डोकी, आतडी, कल्ले टाकायची आणि बाबा रोज पहाटे ती रिकामी करून, धुऊन आणायचे. "तेवढंच काम करतात, करू दे, बरं वाटतं त्यांना," असं वैजू म्हणायची. आता ते डाव्या हाताने बादलीतून एकेक डोकं काढून पाण्यात टाकत होते. सावकाश. पूजेला फुलं वाहावीत तसं. आणि पाण्यात दोन डोळे आणि एक नाक थांबलेलं होतं.

"बाबा!" मी ओरडलोच.

त्यांनी वळून बघितलं. दचकले नाहीत. हातातलं डोकं टाकलं, हात धुतला, काठी टेकत वर आले.

"तुमी? तुमी बोलावलीत तिला? कशाला, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग देवळाकडे. मग डावा तळवा कपाळाला लावला, जसा गाऱ्हाण्याच्या शेवटी लावतात. मग माझ्या तोंडावर हलकेच बोट ठेवलं आणि तेच बोट पाण्याकडे नेलं. तू मागितलंस. म्हणून. एवढंच होतं ते. आणि मग हसले. अर्धंच तोंड हसायचं त्यांचं, पण हसले.

मी दसऱ्याला पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून हा माणूस तेव्हापासून लंगडत लंगडत बादली घेऊन येत होता. देवाने काही केलं असेल किंवा नसेल. बाबांनी केलं होतं.

मी तिथल्या तिथे बादली काढून घ्यायला हवी होती. हे मला तेव्हाही कळत होतं. मगरीला माणसाच्या हातचं खायची सवय लावू नये हे आम्हीच पाहुण्यांना सांगायचो, सफारीच्या सुरुवातीला, लाइफ जॅकेटच्या आधी. पण मी मनात दिवस मोजले. मंगळवार उजाडला होता. सोमवारपर्यंत बादली चालू राहिली की मगर राहणार होती, आणि मगर राहिली की मान राहणार होता.

"थंडी वाजेल," मी बाबांना म्हटलं. "उद्यापासून स्वेटर घालून या."

बुधवारी मगर होती. गुरुवारी होती. अर्जुनदादा सकाळ-संध्याकाळ जेटीवर येऊन तिच्याकडे बघायचा आणि मग देवळाकडे बघायचा. त्याची मला कीव आली, पण अगदी थोडी. शुक्रवारी बाबांना ताप भरला. ते उठू शकले नाहीत. पहाटे अंथरुणातून नुसते बादलीकडे बघत राहिले.

मग बादली मी नेली.

मुलाने वडिलांचं काम पुढे चालवलं, असं म्हणता येईल. पण तसं म्हणायची माझी छाती नाही. बाबा एकेक डोकं टाकायचे, मी बादली एकदम उपडी केली. शनिवारीही मीच गेलो. त्या दिवशी मगर थांबायलाही तयार नव्हती. मी शेवटची पायरी गाठायच्या आत ती पायरीपाशी होती.

त्याच शनिवारी, आठ-साडेआठला, मी टपरीवर पाव कापत होतो. अर्जुनदादाची बायको, सुगंधा वहिनी, जेटीवर आली. होडी धुवायला पाणी काढायचं होतं. एरवी तिची धाकटी, वर्षा-दीड वर्षाची, कायम कमरेवर असायची. त्या दिवशी पोर झोपली होती म्हणून घरी ठेवून आली. हातात बादली होती. पांढरी. सगळ्या घरांत तीच, सांगितलंच मी.

मला आधी तिची किंकाळी ऐकू आली. बघतो तर मगर तीन पायऱ्या वर आलेली. वहिनीने बादली फेकली आणि मागच्या मागे पडली. मगरीने बादली तोंडात धरली. कडकड आवाज झाला, प्लॅस्टिकच्या चिंध्या झाल्या, आणि ती चिंध्यांसकट पाण्यात गेली. मी, वैजू आणि दोन पाहुणे धावलो. वहिनीचा गुडघा सोलवटला होता, दुसरं काही नाही. पण ती कमरेचा रिकामा भाग हाताने चाचपत होती. परत परत चाचपत होती. पोर तिथे नाही याची खात्री करून घेत होती.

अर्जुनदादा धावत आला. तिला धरून बसवलं. पाणी पाजलं.

"अंगावर आली?" तो विचारत होता. "तुज्या अंगावर आली?"

"माज्याकडं नाय बघितलं तिनं," वहिनी म्हणाली. "बादलीकडं बघत होती."

"मगरीला बादलीचं काय करायचंय?"

"मला काय म्हायती?" असं म्हणून तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग टपरीकडे बघितलं. टपरीच्या दारात आमची बादली होती.

मी खाली मान घालून तिची चप्पल शोधायला लागलो. चप्पल पायरीवरच होती, सगळ्यांना दिसत होती.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरामागच्या माडाखाली हातभर खड्डा खणला आणि बादलीतलं सगळं त्यात पुरलं. वैजूने काय चाललंय म्हणून विचारलं. तिला सगळं सांगितलं. तिने खड्ड्यावरची माती पायाने दाबली. मग म्हणाली, "ती पोर कडेवर असती तर?" मी म्हटलं, "गप." ती म्हणाली, "मी गप बसते. तू बसशील का?"

रविवारी पहाटे बाबा उठले. ताप उतरला होता. स्वेटर घातला, काठी घेतली, बादली बघायला लागले. मी दारात बसलो होतो, बादली मांडीत घेऊन.

"बाबा, आता नाय जायचं."

त्यांनी हात पुढे केला.

"नाय. सुगंधा वहिनी काल मरता मरता वाचली. बंद आता."

त्यांनी बोट माझ्याकडे केलं, मग देवळाकडे. जोरात. परत माझ्याकडे, परत देवळाकडे. एकच दिवस राहिला होता हे त्यांनाही माहीत होतं. बैठकीला होतेच की ते. त्यांनी बादलीचा कान धरला आणि ओढायला लागले. मी सोडेना. एक हात, पण आयुष्यभर वल्हं मारलेला. आम्ही दोघं बापलेक उंबऱ्यावर एका रिकाम्या बादलीसाठी झोंबत होतो, आणि आतून वैजू बघत होती.

"ब्बा!" ते ओरडले. "ब्बा! ब्बा!"

"जाऊंदे मान!" मीही ओरडलो. "नको मला! मला नको तो!"

बाबांनी बादली सोडली. भिंतीला टेकून खाली बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला त्यांनी चुकून उजवा हात उचलायला बघितला आणि तो उचलला नाही. मी पुसलं. दिवसभर ते जेवले नाहीत. मीही नाही जेवलो, पण टपरीवर दोन वडे खाल्ले. खोटं कशाला बोलू.

रविवारी मगर पायरीपाशी येऊन थांबली. दुपारपर्यंत थांबली. सोमवारी सकाळीही उतारावर होती. लोक जेटीवर जमायला लागले. दिवेलागणीपर्यंतची मुदत. मी कठड्याला टेकून उभा होतो आणि माझ्या मनात काय होतं विचाराल, तर अर्धं मन म्हणत होतं जा बाई, आणि अर्धं म्हणत होतं, एवढा दिवस काढ. नीट अर्धं-अर्धं होतं. दुपारी भरती लागली. पाणी उतारावर चढलं. मगर सरकली, पाण्यात शिरली, आणि पलीकडच्या खाजणातल्या खारफुटीच्या दिशेने एक रेघ ओढत गेली. लोक शिट्ट्या मारायला लागले. कोणीतरी अर्जुनदादाला खांद्यावर घेतलं. दिवेलागणीपर्यंत सगळे तिथेच बसून राहिले. ती परत आली नाही.

देवळाकडे जाताना सुगंधा वहिनी माझ्या बाजूने चालत होती. गुडघ्याला पट्टी होती. हळूच म्हणाली, "भावजी, तुमची बादली आता घरातच ठेवा."

"व्हय," मी म्हटलं. तिला सगळं कळलं होतं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

मान सोडायची रीत अशी, की सोडणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातात देवासमोर नारळ द्यायचा. मी नारळ उचलायला वाकलो तर बाबांनी काठी आडवी घातली. मला वाटलं, आता हे भांडण काढणार. पण त्यांनी काठी माझ्याकडे दिली, डाव्या हाताने नारळ उचलला आणि काठीशिवाय, पाय ओढत, अर्जुनदादासमोर जाऊन उभे राहिले. डाव्या हाताने द्यायचं नसतं म्हणून रामा गुरवाने तोंड उघडलं. मग बाबांच्या उजव्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने तोंड मिटलं.

अर्जुनदादाने नारळ घेतला. बाबांच्या पाया पडला. देवासमोर उभा राहिला आणि आवाज लावला.

त्याने सहा होड्यांचं मागितलं. वाऱ्याचं, मासळीचं मागितलं. मगर खाडीत राहू दे आणि होडीत बसलेल्यालाच दिसू दे, असं अगदी फोडून मागितलं, तेव्हा लोक हसले. मीही हसलो. मग तो थांबला. मला वाटलं संपलं.

"आणि म्हाराजा," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. "माज्या धाकूकाकाची वाचा गेली हाय. तीस वर्सं ज्या तोंडानं आमच्या सगळ्यांसाठी तुज्यापाशी मागितलं, त्या तोंडात शबुद परत घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

माझ्या तोंडून काही निघालं नाही. दसऱ्याला मी त्याच जागी उभा होतो. देव समोर होता. मी म्हणेन त्याला होकार भरायला अख्खं गाव पाठीशी होतं. बाबा खांबाला टेकून माझ्याकडे बघत होते. आणि मी मगर मागितली होती.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. अर्जुनदादाकडे बघत होते, आणि अर्ध्या तोंडाने रडत होते.

बाबा त्यानंतर चार वर्षं होते. वाचा काही आली नाही. अर्जुनदादाने दर वर्षी मागितली, आणि दर वर्षी मी सगळ्यांच्या आधी "व्हय म्हाराजा" म्हटलं. माझं म्हणणं आता एवढंच, की त्या दसऱ्याला मी मागितलं असतं, तर बाबांनी तरी ते ऐकलं असतं. देवाचं मला माहीत नाही.